करवंदातल्या जपानी शेवया

आमच्या कुसगावच्या घरामागे, शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांसाठी मांडलेल्या चुलीजवळ, एक जाड लोखंडी पत्रा भिंतीला टेकवून उभा असतो. दोन हात लांब, हातभर रुंद, आणि चारी कडा बोटभर वर वळवलेल्या. वर्षानुवर्षांच्या तेलाने तो काळाकुळकुळीत झालाय. पिठलं-भाकरी खायला आलेले पाहुणे विचारतात, "मावशी, ह्याच्यावर काय करता? डोसे?" मी हो म्हणून मोकळी होते. खरं सांगायला बसले तर त्यांचं पिठलं गार होईल.

तो पत्रा माझ्या मिस्टरांनी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून मुद्दाम करून घेतला होता. कशासाठी, तर याकीसोबा करायला. याकीसोबा म्हणजे जपानी लोक तापल्या पत्र्यावर परतून खातात त्या नूडल्स. आमच्या घरात मात्र तो शब्द फार टिकला नाही. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव जपानी शेवया ठेवलं आणि तेच चालू राहिलं.

मिस्टर तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात कामाला होते. आमच्या लग्नानंतर वर्षभरातच कारखान्याने त्यांना नवीन मशीन शिकायला काही महिने जपानला पाठवलं. मला तेव्हा दिवस गेले होते. पुण्याच्या पलीकडे गेलेला माणूस तोवर आमच्या भावकीत एकच होता, आणि तोही पंढरपूरला. त्यामुळे यांना निरोप द्यायला अख्खी आळी लोणावळा स्टेशनवर आली होती. सासूबाईंनी पिशवीभर शेंगदाण्याची चटणी दिली, ती त्यांनी पहिल्याच आठवड्यात संपवली. मग पुढे कित्येक दिवस त्यांनी बिनतिखटाचं, उकडलेलं, थंडगार काहीबाही खाल्लं. भाषा येत नाही, तोंडाला चव नाही, आणि इकडे बायको पोटुशी.

अशात एका संध्याकाळी ते राहत होते त्या गावात देवळाची जत्रा भरली. ती गोष्ट मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की मीच तिथे गेले होते असं मला कधीकधी वाटतं.

"डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस," ते सांगत, "दोन हातांत दोन उलथनी. समोर हा एवढा पत्रा. त्याच्यावर शेवया, कोबी, गाजर, कांदा. नुसतं उलटसुलट, उलटसुलट. मग त्याने वरून काळपट काहीतरी ओतलं. जो चर्र आवाज झाला म्हणतेस! आणि जो वास आला! मला एकदम आपली गावची जत्रा आठवली. भज्यांची गाडी आठवली. तू आठवलीस."

"आधी भजी, मग मी?"

"अगं, भजी वाटेतच लागतात ना आधी."

सांगताना ते दोन्ही हात हवेत उलथन्यांसारखे हलवायचे. ते ऐकताना मला नेहमी एक गंमत वाटायची. तिथे त्या शेवया खाताना या माणसाला घर आठवलं, आणि घरी आल्यावर जन्मभर त्या शेवया आठवत राहिल्या.

त्या गोष्टीत शेवटी मासे यायचे. "वरून वाळलेल्या माशाचे कपटे टाकतात," ते म्हणायचे. "सुताराच्या रंध्याखालून निघतात तसे पातळ. आणि टाकले की ते नाचतात."

"कोण नाचतं?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"मासे."

"मेलेले?"

"वाळवलेले. पण नाचतात. डोळ्यांनी बघितलंय मी."

सासूबाई निवडत होत्या ते तांदूळ तसेच ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. "ह्याला तितं दारू पाजली व्हय गं कुनी?" त्या म्हणाल्या. पुढे नाचणारी मासळी ही आमच्या घरात थापेची दुसरी संज्ञा झाली. मुलगी मोठी होऊन शाळेत जायला लागल्यावर, पोट दुखतंय म्हणाली की मी विचारायची, "खरंच दुखतंय, की मासळी नाचतीये?"

पण शेवया मी मनावर घेतल्या. नवरा तिकडून एक साडीसुद्धा न आणता नुसती आठवण घेऊन आलाय, तर निदान ती आठवण तरी त्याला करून घालावी, असं मला वाटलं. त्या वयात मला माझ्या हाताची फार घमेंड होती.

पहिल्यांदा मी खिरीच्या शेवया घेतल्या. पत्र्यावर टाकून पाणी शिंपडलं तर त्यांचा लगदा झाला आणि लगद्याचं धिरडं. यांनी ते धिरडं म्हणून खाल्लं. दुसऱ्यांदा ताजं पीठ मळून शेवेच्या सोऱ्यातून जाड शेवया पाडल्या आणि मोदकपात्रात वाफवल्या. त्या एकमेकींना अशा बिलगल्या की सुरीने कापून वाढाव्या लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "शेवया दुधात घालायच्या असत्यात. कांद्यात घालून देवानं दिल्यालं वाया नगं घालू."

मग एका उन्हाळ्यात चूक झाली, आणि त्या चुकीनेच काम केलं. घरात पापडांचं काम चालू होतं. सासूबाईंनी पापडखाराचं पाणी करून पातेल्यात निवत ठेवलं होतं. मी ते मिठाचं पाणी समजून त्यातच शेवयांची कणीक मळली. कणीक पिवळी पडत गेली तरी मला शंका आली नाही, मला वाटलं गहू तसला असेल. सासूबाई मागच्या दारी हाका मारत होत्या, "माझ्या पापडाचं पानी कुटं गेलं गं?" आणि मी इकडे सोऱ्या फिरवत होते. त्या दिवशीच्या शेवया निराळ्याच झाल्या. पिवळसर, मोकळ्या, दाताखाली जरा लवचिक. चिकटायचं नाव नाही.

मिस्टरांनी एक घास घेतला आणि चावता चावता थांबले. डोळे मिटले. मी पदराला हात पुसत समोर उभी.

"जवळ आलंय," ते म्हणाले.

ते शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. मला इतका आनंद झाला की पापडांचं पाणी पळवल्याबद्दल सासूबाई दोन दिवस बोलत राहिल्या, तरी मी हसतच होते.

शेवया जमल्या, पण ते वरचं काळपट काय असेल? विचारलं की ते म्हणत, "आंबट. गोड. जरासं मसाल्याचं. दाट." एवढ्या खुणांवर आमच्या स्वयंपाकघरातल्या निम्म्या बरण्या उघडता येतात. चिंच-गूळ घातला तर भेळ झाली. टोमॅटो आटवला तर कटवड्याचा कट आठवला. भुशीच्या रस्त्यावर चायनीजची गाडी लावणाऱ्या एकाकडून मी सोया सॉस मागून आणला, तो नुसता खारट लागला. मग एका वैशाखात डोंगरावरची मावशी करवंदांची पाटी घेऊन दारात आली, आणि पिकली काळी करवंदं हातात घेतल्यावर मला वाटलं, आंबट, गोड, काळपट, हेच असणार.

करवंदं शिजवून गाळली. त्यात गूळ, चार आमसुलं, लवंग, दालचिनी, मीठ घालून चमच्याला लागेल इतकं आटवलं. आणि आमच्या घरचा कांदा-लसूण मसाला चिमूटभर. तो घालायला नको होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मसाल्याशिवाय काही उतरवायचं म्हणजे दागिन्याशिवाय लग्नाला जाण्यासारखं वाटतं मला. हात आवरला नाही.

पत्रा चुलीवर चढला. कोबी, गाजर, कांदा, मग शेवया, मग करवंदाचा रस. चर्र आवाज झाला. मिस्टर अंगणातून धावत आले. घास घेतला, डोळे मिटले, तोंड राजमाचीच्या डोंगराकडे केलं. डोंगराकडे का, ते त्यांनाच ठाऊक. कदाचित जपान त्याच बाजूला असावं असं त्यांना वाटत असेल.

"जवळ आलंय," ते म्हणाले. "अगदी जवळ आलंय. थोडं काहीतरी राहिलंय."

"काय राहिलंय?"

"ते आठवत नाही. पण राहिलंय."

इथून पुढे आमच्या संसारात ही एक ठरलेली गोष्ट झाली. त्यांच्या कारखान्याला गुरुवारची सुट्टी. पंधरा दिवस, तीन आठवडे गेले की एखाद्या गुरुवारी ते सकाळीच पत्रा घासायला काढत. तोंडाने काही बोलत नसत, नुसता पत्रा घासत. मग मी सोऱ्या काढायची. वैशाखात करवंदांचा रस करून वर्षाच्या बरण्या भरून ठेवायची. तिकडे वरून मुरवलेलं लाल आलं घालतात म्हणे, ते मी बीटाच्या रसात लिंबू पिळून मुरवायची. ते समुद्री शेवाळाचा हिरवा चुरा भुरभुरवतात, त्याऐवजी शेवग्याचा पाला वाळवून चोळून टाकायची. गुरुवारी सासूबाई घरात मासळी शिजू देत नसत, म्हणून नाचणाऱ्या मासळीचा प्रयोग एका बुधवारी केला. बाजारातून जवळा आणला, भाजला आणि शेवयांवर टाकला. आम्ही तिघं ताटाभोवती वाकून बघत बसलो. जवळा काही हलला नाही. सासूबाई म्हणाल्या, "लाजतोय." त्या दिवशी आम्ही इतकं हसलो की शेवया गार झाल्या.

प्रत्येक वेळी घास, डोळे, डोंगर, आणि तेच. जवळ आलंय, थोडं काहीतरी राहिलंय. मी चिडायची. "काय राहिलंय ते सांगा, नाहीतर उद्यापासून दुधातल्या शेवया खा," म्हणायची. ते म्हणत, "सांगता आलं असतं तर तुला आणूनच दिलं नसतं का?" आणि ताटाला लागलेला रस भाकरीच्या तुकड्याने पुसून घेत. याकीसोबा आणि नाचणीची भाकरी हे जेवण आमच्या घराशिवाय जगात कुठेही झालं नसेल.

मला त्यांच्या तोंडून एकच शब्द ऐकायचा होता. 'हेच.' बाकी काही नको होतं. मुलगी शाळेत गेली, कॉलेजात गेली, बापाच्या गोष्टी ऐकून ऐकून पुण्यात जपानी शिकली आणि नोकरी लागून जपानलाच गेली. सासूबाई गेल्या. मिस्टर रिटायर झाले आणि त्यांना सगळेच वार गुरुवार झाले. तरी आम्ही गुरुवारचा नेम मोडला नाही. कधी मी दालचिनी कमी केली, कधी गूळ बदलला, कधी कांद्याऐवजी पातीचा कांदा घातला. 'हेच' काही आलं नाही.

मग एका आषाढात, दुपारी, त्यांनी चहा मागितला. मी आलं किसून चहा टाकला आणि कप घेऊन बाहेर आले, तर ते खुर्चीत बसल्या जागी गेलेले होते. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. चेहऱ्यावर त्रास काहीसुद्धा नव्हता. मी तो कप हातात धरून किती वेळ उभी होते, मला सांगता येणार नाही.

दुःखाबद्दल मला फार लिहिता येत नाही. बाकीच्या बायका जे सांगतात तेच माझंही. त्यांचा टॉवेल, त्यांची जागा, रात्री कुशीवर वळल्यावर रिकामी लागणारी बाजू. पण माझ्या दुःखात आणखी एक गोष्ट होती, आणि ती कुणाला सांगायची लाज वाटायची. माझ्या शेवया बरोबर झाल्या की नाही, हे आता मला कोण सांगणार? ती चव ज्या एका जिभेला ठाऊक होती ती गेली. बारा गावच्या पाहुण्यांनी माझ्या पिठल्याची वाहवा केली असेल. मला त्या एका माणसाचं 'हेच' हवं होतं, आणि ते राहून गेलं. हे मनात आलं की मला त्यांची इतकी आठवण यायची की मी चुलीपुढून उठून मागच्या दारी जायची.

वर्षभर पत्रा तापला नाही. वैशाखात करवंदवाली मावशी आली तेव्हा मी सवयीने सबंध पाटी घेतली. "साहेब दिसंनात कुटं?" तिने विचारलं. मी सांगितलं तेव्हा तिने दोन मुठी जास्तीच्या टाकल्या आणि रिकामी पाटी उचलून गेली. रस केला, बरण्या भरल्या. कुणासाठी, ते विचारू नका.

भाद्रपदात त्यांचं पहिलं पितर आलं, आणि त्यासाठी मुलगी रजा काढून जपानहून आली. बॅग उघडली तर कपडे कमी आणि खाणं जास्त. एक काळ्या सॉसची बाटली, पिवळ्या नूडल्सची पाकिटं, हिरवा चुरा, लाल आलं आणि एक फुगीर पिशवी.

"आई, तू आज बस," ती म्हणाली. "आज मी करते. बाबांना आवडायचा तो खरा याकीसोबा. उद्या पितर आहे, आज तू खाऊन बघ."

मी बसले. तिने पत्रा चुलीवर चढवला. तिने दोन उलथनी घेतली तेव्हा मला भरून आलं, कारण गोष्ट सांगताना हवेत हलायचे त्या बापाच्या हातांसारखेच तिचे हात हलत होते. सॉस ओतल्यावर चर्र आवाज झाला. वास आला. चांगला होता, पण आमच्या घरातला नव्हता. तिने ताट माझ्या पुढ्यात ठेवलं, ती फुगीर पिशवी फोडली आणि त्यातले पातळ, गुलाबीसर कपटे वरून टाकले.

ते नाचायला लागले.

खरोखर नाचायला लागले. वाफ लागेल तसे उठत होते, वळत होते, वाकत होते. जिवंत असल्यासारखे. मी ताटाकडे बघतच राहिले. जन्मभर मी या माणसाला थापाड्या म्हटलं, सासूबाईंनी म्हटलं, पोरीने म्हटलं, आणि त्याने कधी कुणाशी वाद घातला नाही. प्रत्येक वेळी एवढंच म्हणाला, डोळ्यांनी बघितलंय मी. ते माझ्याशेजारी बसलेले असते तर त्यांनी काय तोंड केलं असतं, ते मला स्पष्ट दिसत होतं. ताट समोर असून मला घास घेवेना. कपटे हळूहळू ओले होऊन बसले, तेव्हा कुठे मी डोळे पुसले.

मग घास घेतला. गोडसर. मऊ. आंबटपणा नावाला. तिखट म्हणून नाहीच.

"एवढंच?" मी म्हणाले.

मुलगी हसायला लागली. "एवढंच."

मी आणखी एक घास घेतला आणि खूप दिवस मनात होतं ते विचारलं. माझ्या हातच्या शेवया तिने लहानपणापासून खाल्ल्या होत्या आणि खऱ्यासुद्धा आता कित्येक वर्षं खात होती. दोन्हींची चव माहीत असलेली जीभ माझ्यासमोर बसली होती, आणि हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं.

"खरं सांग," मी म्हणाले. "माझ्या किती जवळ आल्या होत्या?"

तिने हातातलं उलथनं खाली ठेवलं. बापासारखीच ती खोटं बोलायची असली की आधी डोंगराकडे बघते. ती डोंगराकडे बघायला लागली, मग थांबली.

"आई, जवळपाससुद्धा नाही," ती म्हणाली. "काहीच संबंध नाही. तिकडे गेल्यावर मी पहिल्यांदा खरा खाल्ला तेव्हा मला वाटलं, त्या हॉटेलवाल्याचंच चुकलंय. मी बाबांना फोन केला होता. म्हटलं, बाबा, आईच्या शेवया आणि ह्या, दोन्ही निराळेच पदार्थ आहेत."

"मग?"

"बाबा म्हणाले, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आईला सांगू नकोस."

"का?"

"म्हणाले, नाहीतर ती करायची थांबेल."

मला आधी राग आला. खराखुरा राग. मी उठले, बाहेरच्या खोलीत गेले आणि त्यांच्या फोटोसमोर उभी राहून मोठ्याने म्हणाले, "खोटारडा माणूस!" जे खरं होतं ते मी थाप समजले, आणि जी थाप होती तिच्यावर सगळा संसारभर विश्वास ठेवून दालचिनी मोजत बसले. दर वैशाखात पाटीभर करवंदं! फोटोतला माणूस हसत होता. हसणारच. मग मला रडू आलं आणि ते बराच वेळ थांबलं नाही. मुलगी पाठीवर हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी पितर. धाकटे दीर आणि जाऊ सकाळीच मदतीला आले. भात, आमटी, कढी, वडे, भजी, अळूवडी, गवार-भोपळ्याची भाजी, खीर, सगळं रांधलं. पान वाढलं. मग मी पत्रा तापवून माझ्या शेवया केल्या. माझ्या म्हणजे माझ्या, पापडखाराच्या आणि करवंदाच्या. मसाल्याची चिमूट सोडून द्यावी असं एकदा मनात आलं, पण घातली. पानावर भज्यांच्या शेजारी त्या वाढल्या तेव्हा जाऊ म्हणाली, "आक्का, पितराच्या पानावर ह्ये चायनीज कुनी ठिवतं का?"

"जपानी आहे," मी म्हणाले.

"ते जपानी आसंना का. भावकी काय म्हनंल?"

"भावकीला वेगळं पान वाढ," मी म्हणाले.

पान गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. पाऊस नुकता थांबला होता, कठडा ओला होता. कावळे शेजारच्या बंगल्याच्या सोलरच्या टाकीवर बसले होते. पाच-सहा. बघत होते, येत नव्हते. आमच्याकडे अशा वेळी गेलेल्या माणसाचं काही राहिलं असेल ते त्याला कबूल करतात, म्हणजे मग कावळा शिवतो. दीर हात जोडून पुढे झाले. "भाऊ, लेकीची काळजी करू नगा. आमी हाय." कावळे हलले नाहीत. दिरांनी थोडा विचार केला. "गच्चीचं वॉटरप्रूफिंग दिवाळीनंतर करून घेतो." त्या गळक्या गच्चीपायी मिस्टरांनी दरवर्षी पावसाळाभर जीव खाल्ला होता, म्हणून यावर तरी येतील असं आम्हाला सगळ्यांना वाटलं. एक कावळा पंख झटकून परत बसला. तेवढ्यात मुलीने पलीकडच्या छपरावर माकडं बघितली आणि काठी घेऊन ती गच्चीच्या त्या टोकाला जाऊन उभी राहिली. लोणावळ्याच्या माकडांना पितर आणि पिकनिक यातला फरक कळत नाही.

"आक्का, तुमी बोला," जाऊ म्हणाली. "तुमचंच काहीतरी ऱ्हायलं आसंल."

मी पुढे झाले. माझं काय राहिलं होतं, ते मला ठाऊक होतं. त्यांचं काय राहिलं असेल, तेही कालपासून कळलं होतं. मी कुणाला ऐकू जाणार नाही असं बोलले.

"अहो, अजून जमलेलं नाही," मी म्हणाले. "येत्या गुरुवारी परत करून बघते."

कावळा आला. कठड्यावर उतरला, दोन उड्या मारून पानापाशी गेला आणि त्याने पहिल्यांदा भजं उचललं. भज्याला एक शेवई चिकटली होती, ती त्याच्या चोचीतून लोंबत राहिली. तसाच तो उडून गेला. "घेतलं!" दीर ओरडले. सगळ्यांनी हात जोडले. आधी भजी, मग मी, असं माझ्या मनात आलं आणि मी पदर तोंडाला लावून आत गेले. सगळ्यांना वाटलं मी रडतेय. थोडंफार रडतही होते.

मुलीची रजा संपली. तिला बुधवारी पहाटे गाडीत बसवलं. जाताना तिने सॉसची उरलेली बाटली फडताळात करवंदाच्या बरण्यांशेजारी ठेवली. ती अजून तिथेच आहे, मला तिचा राग नाही.

गुरुवारी सकाळी मीच पत्रा घासला. कणीक पापडखाराच्या पाण्यात मळली, सोऱ्या फिरवला, शेवया वाफवल्या. दालचिनी जराशी वाढवली. चर्र आवाज झाला तेव्हा अंगणातून कुणी धावत आलं नाही. ताट घेऊन मी त्यांच्या खुर्चीत बसले, सोबत अर्धी भाकरी घेतली. एक घास घेतला आणि तोंड राजमाचीकडे करून डोळे मिटले. आंबट, गोड, दाट, जिभेच्या टोकाला चिमूटभर मसाला. जन्मभर केलेल्या आणि जन्मभर खाल्लेल्या माझ्याच शेवया.

"जवळ आलंय," मी मोठ्याने म्हणाले. "थोडं काहीतरी राहिलंय."

पदराला हात पुसत, चिडून, काय राहिलंय म्हणून विचारायला समोर कुणी नव्हतं.